ओहाएआवाईचा मेढेकोट : १ जुलै १८४५ च्या फसलेल्या हल्ल्याचा अभ्यास

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ आयलंड्सच्या आतल्या भागात, १ जुलै १८४५ च्या दुपारी कर्नल हेन्री डेस्पार्डने एका लाकडी कुंपणावर सुलतानढवा करायचा हुकूम दिला. त्याच्याकडे सहाशेच्या घरात ब्रिटिश फौज होती, तोफा होत्या आणि माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मित्रपक्षाची कुमकही होती. कुंपणाच्या आत होते शंभराच्या आसपास माओरी. हल्ल्याला पुढे धाडलेल्या दोनशे-अडीचशे माणसांपैकी शंभराच्या आसपास मेली किंवा जखमी झाली, तीही दहा मिनिटांच्या आत. माघारीचा बिगूल वाजला तेव्हा दुसरं कुंपण ओलांडून एकही सैनिक आत गेलेला नव्हता.

या प्रसंगाचं खापर बहुधा डेस्पार्डच्या हट्टावर फोडलं जातं. हट्टी तो होताच. पण नुसत्या हट्टाने इतक्या थोड्या वेळात इतकी माणसं पडत नाहीत. समोरच्या मेढेकोटाची बांधणी नीट पाहिली तर लक्षात येतं, की हल्ला नेमका असाच यावा आणि नेमका इथेच अडावा, या हिशेबाने तो उभारलेला होता. म्हणून इथे कर्नलपेक्षा कुंपणाकडे जास्त वेळ देतो.

वादाचं मूळ

१८४० च्या वाइतांगी तहानंतर न्यूझीलंडवर ब्रिटिश अंमल आला. पाठोपाठ राजधानी बे ऑफ आयलंड्सहून ऑकलंडला हलली, जकात बसली, बंदरातला व्यापार आटला. न्गापुही या माओरी समूहाचा सरदार होने हेके याने आपला राग कोरोरारेका बंदरावरच्या ब्रिटिश निशाणकाठीवर काढला. जुलै १८४४ मध्ये ती पहिल्यांदा तोडली गेली, जानेवारी १८४५ मध्ये आणखी दोनदा. ११ मार्च १८४५ ला चौथ्यांदा काठी पडली, त्या दिवशी कोरोरारेका गावही पडलं. या वेळी हेकेबरोबर वयाने ज्येष्ठ आणि युद्धात मुरलेला सरदार ते रुकी कावीती होता.

सगळे न्गापुही मात्र एका बाजूला नव्हते. तामाती वाका नेने हा तितकाच वजनदार सरदार ब्रिटिशांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे ही निव्वळ गोऱ्यांविरुद्ध माओरींची लढाई नव्हती, आणि आपल्या इतिहासाची थोडीफार ओळख असलेल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मे महिन्यात पुकेतुतू इथल्या कोटावर ब्रिटिशांनी तोफांशिवाय चाल केली, अग्निबाण सोडले आणि हात हलवत परत आले. १२ जूनला ते आहुआहूच्या लढाईत नेनेच्या माणसांनी हेकेला जबर जखमी केलं. त्यामुळे ओहाएआवाईला हेके नव्हताच. तिथला कोट मुळात पेने ताउई या सरदाराचा. लढाईची सूत्रं कावीतीकडे होती.

डेस्पार्ड याच सुमारास आला. साठीच्या उंबरठ्यावरचा हा अधिकारी १८०८ ते १८१८ या काळात हिंदुस्थानातल्या मोहिमांत होता. १८१८ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्याने लढाई पाहिलेली नव्हती. शिडी, संगीन आणि धाडस या तीन गोष्टींवर कोट पडतो, हा हिशेब मात्र डोक्यात पक्का बसलेला होता.

दोन कुंपणं, एक चर

माओरी लोक तटबंदी केलेल्या वस्तीला 'पा' म्हणतात. बंदुका येण्याआधीचे पा बहुतेक उंचावर, टेकडीच्या माथ्यावर असत. उतारावर टप्पे काढलेले, कडेने उंच मेढी रोवलेल्या. भाले आणि सोटे घेऊन चढणाऱ्याला वरून हाणायचं, एवढंच त्यांचं काम. १८२० च्या दशकात बंदुका मोठ्या संख्येने आल्या आणि माओरी समूह आपसांतच वीसेक वर्षं बंदुकीने लढले. त्या वर्षांत पा बदलला. वरून खाली मारण्यात अर्थ उरला नाही. जमिनीलगत, सपाट रेषेत मारलेली गोळी जास्त माणसं पाडते, हे अनुभवाने कळलं. ब्रिटिश तोफा समोर आल्या तेव्हा या लोकांपाशी बंदुकीच्या तटबंदीचा एका पिढीचा अनुभव जमा होता. समोरच्या फौजेपाशी या प्रकारच्या कोटाचा अनुभव जवळजवळ शून्य.

ओहाएआवाईचा कोट ढोबळमानाने नव्वद मीटर लांब आणि पन्नासेक मीटर रुंद होता. कोपऱ्यांना आणि मधे मधे बाहेर आलेले कोन, म्हणजे कुठल्याही बाजूने येणाऱ्यावर दोन दिशांनी मारा करता यावा. आपल्या किल्ल्यांचे बुरूज हेच काम करतात. इथे ते मेढींचे होते, एवढाच फरक.

सर्वांत बाहेरचं कुंपण म्हणजे पेकेरांगी. बघायला हे कुंपण दुबळं वाटेल. ठरावीक अंतरावर भक्कम खांब जमिनीत रोवलेले, त्यांना आडवे वासे बांधलेले, आणि मधल्या हलक्या उभ्या काठ्या जमिनीपर्यंत न पोचवता वितीदीडवितीवर सोडून दिलेल्या. या काठ्यांवर बाहेरून हाराकेकेच्या पानांच्या जाड जुड्या लटकवलेल्या. हाराकेके म्हणजे न्यूझीलंडचा वाखाचा झाड-प्रकार. लांब, चिवट पानं, ज्यांचे तंतू दोराला लागतात. जहाजांचे दोर वळायला युरोपीय व्यापारी याच वाखासाठी तिथे येत. असा हा वाखाचा पडदा कुंपणाला वरपासून जवळजवळ खालपर्यंत झाकायचा. खाली तेवढी मोकळी फट राहायची.

त्याच्या मागे जेमतेम मीटरभर अंतरावर खरं कुंपण, किरितांगाता. यातल्या मेढी पुरीरीच्या. पुरीरी हे आपल्या निर्गुडीच्याच वंशातलं झाड. पण निर्गुडी झुडूप म्हणून वाढते आणि पुरीरीचा महावृक्ष होतो. लाकूड जड, गुंतलेल्या धाग्यांचं, मातीत लवकर न कुजणारं. पुढच्या काळात न्यूझीलंडने याच लाकडाचे रेल्वेचे स्लीपर आणि कुंपणाचे खांब केले. असे ओंडके, काही अख्खे तर काही उभे चिरलेले, दीड मीटरच्या आसपास खोल पुरून शेजारी शेजारी उभे केलेले. बंदुकीची गोळी त्यांत रुतून बसायची. ६ पौंडी तोफेचा गोळाही एखाद्या ओंडक्याचा कपचा काढायचा, पण ओंडका उभाच राहायचा.

या दुसऱ्या कुंपणाला जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, होत्या जमिनीच्या पातळीवर. त्याच्या लगेच मागे पुरुषभर खोल चर. चरात उभा असलेला माणूस जंगीतून बंदुकीची नळी काढायचा, ती दोन कुंपणांमधल्या पट्ट्यातून जाऊन पेकेरांगीच्या खालच्या फटीतून बाहेर बघायची. मारणाऱ्याच्या पुढे माती, तिच्यापुढे पुरीरी आणि सर्वांत पुढे वाख. समोरच्याला दिसायचा फक्त वाख. चराला जागोजागी आडव्या मातीच्या भिंती सोडलेल्या, म्हणजे एका टोकाला गोळा फुटला तरी सबंध चर मोकळा होऊ नये. आणि आतल्या आवारात जमिनीखाली खोल्या, वर ओंडके, माती, दगड. तोफांचा मारा चालू असताना माणसं तिथे बसत. मारा थांबला की चरात.

या सगळ्या रचनेत हुशारीची गोष्ट कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण चर किंवा जमिनीखालच्या खोल्या दाखवतील. मी पेकेरांगी दाखवेन. ते तोडायला अवघड नव्हतं, पण वेळ खाणारं होतं. धावत आलेला सैनिक त्याच्यापाशी थांबतो, काठ्या ओढतो, दोर कापतो, पडदा बाजूला सारतो. यात जी दोन-चार मिनिटं जातात ती तो जंग्यांपासून दोन-तीन हातांवर उभा असताना जातात. त्याला मारणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. भक्कम तट शत्रूला बाहेर ठेवतो. या हलक्या कुंपणाचं काम उलटं होतं : शत्रूला जवळ येऊ द्यायचं आणि मग एका ठरलेल्या जागी खिळवून ठेवायचं.

तोफखान्याचा आठवडा

डेस्पार्डची फौज २३ जूनला कोटासमोर आली. तिकडे जून-जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पाऊस, चिखल. सोबत दोन ६ पौंडी पितळी तोफा आणि जहाजावरच्या आखूड नळीच्या दोन १२ पौंडी कॅरोनेड. या कॅरोनेडना धड गाडेही नव्हते. जोडतोड करून बसवलेल्या गाड्यांवर त्या बार उडाला की कलंडत. २४ तारखेला मारा सुरू झाला.

इथे या प्रकरणातली कळीची गोष्ट घडते आणि ती दिसायला अगदी किरकोळ आहे. गोळा वाखाच्या पडद्यावर आदळतो, आरपार जातो, आणि चिवट पानं परत जागेवर येतात. मागच्या ओंडक्याचं काय झालं हे तोफेजवळून दिसतच नाही. दगडी भिंतीवर गोळा बसला तर चिरा निखळतो, धूळ उडते, गोलंदाज पुढचा नेम त्यावरून सुधारतो. इथे तो रस्ताच बंद. आठवडाभर लोखंड फेकूनही 'आतलं कुंपण किती मोडलं' या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नव्हतं. जिथे थोडंफार मोडलं तिथे आतले लोक रात्रीतून डागडुजी करत. लाकूड-वाखाच्या कामाला गवंडी लागत नाही, चुना सुकायची वाट बघावी लागत नाही.

म्हणजे वाखाने गोळा अडवला नाही. त्याने बातमी अडवली. तोफखान्याचं बळ निम्मं दारूत असतं आणि निम्मं नजरेत. ती नजरच कावीतीच्या माणसांनी झाकून टाकली होती.

३० जूनला हॅझर्ड या युद्धनौकेवरची एक ३२ पौंडी तोफ किनाऱ्यावरून चिखलातून ओढत आणली गेली. डेस्पार्डची सारी भिस्त आता तिच्यावर. १ जुलैला तिचे गोळे सुटले, पण थोडेच, कारण एवढ्या लांब आणलेल्या तोफेसाठी दारूगोळाही तेवढाच लांबून यायचा होता. एका तोफेने काही तासांत खिंडार पडेल अशी आशा बाळगणं आणि पडलं असं मानून चालणं, यातलं अंतर त्या दुपारी पार पुसलं गेलं.

हुकूम

१ जुलैच्या सकाळी कोटातून एक तुकडी बाहेर पडली. शेजारच्या टेकडीवर वाका नेनेच्या माणसांचा तळ होता, तिथे एक ६ पौंडी तोफही होती. त्या तळावर अचानक छापा पडला. छापा परतवला गेला, पण जाताना हल्लेखोरांनी तिथलं ब्रिटिश निशाण उचलून नेलं आणि थोड्या वेळाने ते कोटाच्या काठीवर, स्वतःच्या निशाणाखाली, फडकताना दिसलं.

डेस्पार्ड चिडला. ही चिथावणी मुद्दाम होती का? कावीतीने काय आखलं होतं हे त्याच्या मनात शिरून सांगता येणार नाही. परंतु ज्या पक्षाची सारी तयारी 'हल्ला यावा' या गृहीतावर उभी आहे, त्याने शत्रूच्या निशाणाची जाहीर विटंबना करावी, यात योगायोगाचा भाग मला कमी वाटतो.

हल्ला करू नये असं सांगणारे होते. वाका नेने त्यांतला मुख्य. खिंडार पडलेलं नाही, माणसं फुकट मरतील, हे त्याचं म्हणणं. असे पा बांधण्यात आणि असल्या पांवर चालून जाण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. नौदलाचा लेफ्टनंट जॉर्ज फिलपॉट्स यालाही हा बेत पटला नव्हता. डेस्पार्ड माओरी मित्रांचा सल्ला मानणाऱ्यांतला नव्हता, हे त्या काळच्या अनेक नोंदींतून दिसतं. फुकटची खात्रीलायक माहिती हाताशी असून ती कोणाच्या तोंडून येते यावर तिची किंमत ठरवायची, हा दोष काही त्या एका कर्नलपुरता नाही. पण त्या दिवशी त्याची किंमत मोजली ५८ व्या आणि ९९ व्या पलटणीच्या शिपायांनी.

हल्ला

दुपारी कोटाच्या एका कोपऱ्याच्या रोखाने तुकड्या निघाल्या. पुढे जिवावर उदार झालेल्यांची छोटी टोळी, मागे मुख्य रांगा. कुऱ्हाडी, दोर आणि शिड्या घेऊन काही जण बरोबर. मोकळ्या जागेवरून रांगा धरून, जयघोष करत फौज धावली.

कोटातून बराच वेळ एकही बार उडाला नाही. सैनिक अगदी जवळ, बंदुकीचा नेम चुकणं अवघड व्हावं इतके जवळ आल्यावर कुंपणाच्या तळाशी धुराची रेघ उमटली. पुढची रांग तिथेच कोसळली. जे पेकेरांगीपर्यंत पोचले त्यांनी हातांनी, संगिनींनी, तलवारींनी वाख आणि काठ्या उपटायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी पडदा फाटला. मागे पुरीरीची भिंत जशीच्या तशी उभी. बाजूच्या कोनातून आडवा मारा सुरू झाला तेव्हा तिथे उभं राहणंही अशक्य झालं. फिलपॉट्स कुंपणाशीच मारला गेला. ५८ व्या पलटणीचा कॅप्टन ग्रँटही पडला.

माघारीचा बिगूल वाजला, तरी जखमींना उचलताना आणखी माणसं गेली. आतल्यांची हानी त्या मानाने किरकोळ.

आपल्या अहवालात डेस्पार्डने कुऱ्हाडी, दोर आणि शिड्या नेमलेल्या माणसांनी पुढे नेल्याच नाहीत, यावर बोट ठेवलं. ते खरं असेलही. पण कुऱ्हाड असती तर? मांडीएवढ्या जाडीचा पुरीरीचा ओंडका तोडायला धट्ट्याकट्ट्या लाकूडतोड्यालाही वेळ लागतो, आणि इथे तो पायाशी रोखलेल्या बंदुकीसमोर उभा राहून तोडायचा होता. शिडी असती तर वर चढलेला माणूस दोन कुंपणांच्या मधल्या बोळात उतरला असता, थेट जंग्यांपुढे. हत्यारं न पोचणं हे हरण्याचं कारण नव्हतं. फार तर त्यामुळे मृतांचा आकडा वाढला नाही, असं म्हणता येईल.

रिकामा कोट

डेस्पार्डला मागे हटायचं होतं, नेनेने त्याला थांबवलं. नवा दारूगोळा आला, मारा परत सुरू झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं, की कोटात कोणी नाही. रात्रीतून सगळे निघून गेले होते.

ब्रिटिश बाजूने हा विजय म्हणून कळवला गेला, कारण कोट हाती आला होता. किल्ला घेतला म्हणजे मुलूख घेतला, हे गणित आपल्याही अंगवळणी पडलेलं. पुरंदर हातचा जाणं ही केवढी गोष्ट होती! ओहाएआवाईत हे गणित लागू पडत नाही. हा कोट कुठल्या घाटवाटेवर बसलेला नव्हता, त्यात खजिना नव्हता, रयत नव्हती. तो लढाईपुरता होता. शत्रूला तिथवर चिखलातून यायला लावणं, दारूगोळा आणि माणसं खर्ची घालायला लावणं, आणि काम झालं की निघून जाणं. पुढचा कोट दुसऱ्या रानात, तिथल्या पुरीरीचा. दगडी किल्ला सोडताना जो जीव तुटतो तो इथे तुटायचं कारण नव्हतं.

रिकाम्या कोटात शिरल्यावर मात्र इंग्रज अधिकाऱ्यांनी बारकाईने मोजमापं घेतली, नकाशे काढले. ५८ व्या पलटणीचा मेजर सिप्रियन ब्रिज चित्रंही काढायचा, त्याच्या हातची या मोहिमेची जलरंगचित्रं आजही आहेत. आपण कशावर चालून गेलो होतो ते फौजेला तेव्हा कळलं. मग कोट जाळून टाकला.

धडा कोणी घेतला?

सहा महिन्यांनी रुआपेकापेका इथे तोच कावीती, तोच डेस्पार्ड. कावीतीने कोट आणखी मजबूत केला होता. ब्रिटिशांनी या वेळी हजाराहून अधिक फौज, एकाहून अधिक ३२ पौंडी तोफा, उखळी तोफा आणि अग्निबाण आणले. जानेवारी १८४६ मध्ये खिंडारं खरंच पडली. डेस्पार्ड लगेच हल्ल्याला निघाला होता, पण मोही ताव्हाई या मित्रपक्षाच्या सरदाराने विरोध केला आणि या खेपेला त्याचं ऐकलं गेलं. ११ जानेवारीच्या सकाळी कोट जवळजवळ रिकामा सापडला. नंतर झटापट झाली, ती कोटाच्या मागच्या बाजूला. गव्हर्नर फिट्झरॉय एव्हाना परत बोलावला गेला होता, त्याच्या जागी जॉर्ज ग्रे होता. त्याने तह करताना हेके आणि कावीती यांच्या जमिनी जप्त केल्या नाहीत.

माओरींच्या बाजूचा धडा याहून लक्षणीय आहे. १८६४ च्या एप्रिलमध्ये तौरांगाजवळ गेट पा इथे जनरल कॅमेरॉनच्या सतराशेच्या आसपास फौजेला दोनशे-अडीचशे माओरींनी असंच रोखलं, तेही प्रचंड तोफमाऱ्यानंतर, आणि शंभराहून अधिक माणसं पाडली. तिथलं कुंपण मात्र अगदी तकलादू होतं. पुरीरीचे ओंडके नाहीत, दुहेरी रांग नाही. सगळी ताकद चरांत आणि जमिनीखालच्या आडोशांत. कुंपण फक्त नजर खिळवायला आणि पावलं अडखळायला. वीस वर्षांत किरितांगाता गळून पडलं, पेकेरांगी टिकली.

पहिल्या महायुद्धातली खंदकांची लढाई माओरींनी आधीच शोधली होती, असं एक विधान १९८० च्या दशकात जेम्स बेलिच या इतिहासकाराच्या मांडणीनंतर बरंच पसरलं. ते जपून घ्यावं. चर खणून लढणं जगात पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ आधीपासून होतं, आणि ओहाएआवाईवरून युरोपच्या सेनापतींनी काही उचललं असं दाखवता येत नाही. कावीतीचं श्रेय वेगळं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. हाताशी असलेलं लाकूड, वाख आणि माती घेऊन त्याने तोफांविरुद्ध चालणारी रचना उभी केली, आणि समोरचा सेनापती ज्या सवयीने लढणार ती सवय त्या रचनेत धरून ठेवली.

प्रत्यक्ष जागा बघायची असेल तर आजच्या ओहाएआवाई गावात शोधू नका. मूळ ठिकाण तिथून काही किलोमीटरवर न्गाव्हा इथे आहे. कोटाच्या जागी १८७० च्या सुमारास माओरींनीच सेंट मायकेल चर्च बांधलं, आणि हल्ल्यात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचे अवशेष नंतर त्यांनीच त्या आवारात आणून पुरले. चर्चभोवती दगडी भिंत आहे, लाकूड काही उरलेलं नाही. चर आणि खोल्यांचे खळगे पायांनी फिरून बघायचे असतील तर कावाकावाजवळच्या रुआपेकापेकाला जावं. तिथे ते स्पष्ट दिसतात.